घुमट आणि लिंबाचा पार

ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेच्या 'नॅशनल रेकॉनिसन्स ऑफिस' या कार्यालयाने पाच ठिकाणांवरील गोपनीयता उठवली. टेहळणी करणारे उपग्रह आकाशातून जे पाहतात आणि ऐकतात, ते जमिनीवर जिथे उतरवून घेतले जाते अशी ही भूकेंद्रे. त्यांपैकी तीन खुद्द अमेरिकेत : वॉशिंग्टनजवळ, कोलोरॅडोतील ऑरोरा येथे आणि न्यू मेक्सिकोतील लास क्रूसेसजवळ. उरलेल्या दोन ठिकाणी, म्हणजे इंग्लंडातील मेनविथ हिल आणि ऑस्ट्रेलियातील पाइन गॅप येथे, आपली 'उपस्थिती' आहे, एवढेच त्या कार्यालयाने मान्य केले. काम काय चालते, कोणत्या उपग्रहाचे चालते, कोणासाठी चालते, याविषयी अवाक्षर नाही.

परभणीत राहणाऱ्या, मराठीच्या निवृत्त अध्यापकाने या घटनेत लक्ष घालावे असे वरकरणी काही कारण नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्ही लहानपणापासून छाती फुगवून म्हणत आलो असलो, तरी आकाशातल्या हेरांनी मुद्दाम थांबून पाहावे असे आमच्या ज्वारी-कापसाच्या मुलखात काही असेल, असा आमचा दावा नाही. उपग्रहांतले आम्हांला काही कळतही नाही. मात्र उभे आयुष्य शब्दांच्या संगतीत गेले. कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या आड उभा आहे हे पाहण्याची खोड त्यामुळे जडली. एका विद्यार्थ्याने विचारलेल्या साध्या प्रश्नाचे उत्तर आम्ही चुकवले, आणि त्या रात्री ही जुनी घटना आणि तिच्यातला तो 'उपस्थिती' हा शब्द पुन्हा आठवला. विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे यायला थोडा वेळ लागेल. वाचकांनी तेवढी सवलत द्यावी.

पाइन गॅप हे ठिकाण ऑस्ट्रेलियाच्या अगदी मध्यभागी, अॅलिस स्प्रिंग्ज या गावापासून सुमारे १८ किलोमीटरवर आहे. डिसेंबर १९६६ मध्ये दोन्ही देशांत करार झाला आणि १९७० च्या सुमारास केंद्र चालू झाले. जागा समुद्रापासून इतक्या आत का निवडली, याचे कारण असे सांगतात की उपग्रहाकडून खाली येणारे संदेश किनाऱ्यालगत उभ्या राहिलेल्या परक्या जहाजांना पकडता येऊ नयेत. केंद्राला अधिकृत नाव मिळाले ते 'संयुक्त संरक्षण अवकाश संशोधन केंद्र' असे. 'संशोधन' हा शब्द आमच्याही व्यवसायात पुष्कळ काही झाकण्यासाठी वापरला जातो, त्यामुळे त्याविषयी आम्ही अधिक बोलत नाही.

तिथे लाल मातीच्या माळावर पांढरेशुभ्र प्रचंड घुमट उभे आहेत. या घुमटांच्या आत तबकडीसारखे अँटेना असतात. घुमटाचे काम दोन प्रकारचे. एक म्हणजे ऊन, वारा, धूळ यांपासून आतल्या यंत्राचे रक्षण. दुसरे म्हणजे अँटेना आकाशाच्या कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे बाहेरच्याला कळू न देणे, कारण दिशा कळली की ते कोणाचे ऐकत आहे हेही कळते. म्हणजे घुमट सर्वांना दिसतो, आतले तोंड कोणाला दिसत नाही. आपल्याकडे 'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणतात. मूठ आहे हे सर्वांना दिसत असते. सव्वा लाख ही किंमत झाकण्याची असते.

अॅलिस स्प्रिंग्जमधील लोकांना ते घुमट ठाऊक होते. गावातली माणसे तिथे नोकरीला होती, अमेरिकन कुटुंबे गावात राहत होती, त्यांची मुले गावच्या शाळेत जात होती. डेस्मंड बॉल या अभ्यासकाने १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील अमेरिकी तळांवर एक सबंध पुस्तक लिहिले. नोव्हेंबर १९८३ मध्ये स्त्रियांनी केंद्राच्या फाटकावर धरणे धरले. १११ जणींना अटक झाली, आणि पोलिसांनी नाव विचारल्यावर प्रत्येकीने 'कॅरन सिल्कवूड' हे एकच नाव सांगितले. ही सिल्कवूड अमेरिकेतील एका अणुप्रकल्पातली कामगार. तेथील गैरकारभाराविरुद्ध आवाज उठवीत असतानाच १९७४ मध्ये एका मोटार-अपघातात तिचा मृत्यू झाला होता. पुढे १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी संसदेत त्या केंद्राच्या कामाविषयी थोडेफार सांगितले. एवढे सगळे होऊन गेल्यावर, त्या धरण्यानंतर पंचवीस वर्षांनी, ते कार्यालय म्हणते : आमची तिथे उपस्थिती आहे.

मग २००८ मध्ये नेमके उघड काय झाले? ज्यांच्यापासून लपवायचे होते त्या परक्या सरकारांना ते ठिकाण ठाऊक होते. त्यांचेही उपग्रह वरून फिरत होतेच. ज्यांच्या अंगणात ते उभे होते त्यांना ठाऊक होते. ज्यांना कुतूहल होते त्यांनी पुस्तके वाचली होती. नवी माहिती कोणालाच मिळाली नाही. तरीही काहीतरी बदलले, हेही खरे. त्या दिवसापर्यंत त्या कार्यालयातील माणसाला जे वाक्य उच्चारण्याची मनाई होती, ते उच्चारण्याची मुभा त्याला मिळाली. माहिती तीच राहिली, वाक्य तेवढे सुटले.

हेरखात्यांच्या इंग्रजीत यासाठी एक खास शब्दप्रयोग आहे. त्याचे मराठी आम्ही 'असण्याची वस्तुस्थिती' असे करू. एखादी गोष्ट आहे, एवढेच मान्य करायचे आणि तिच्याविषयीचे बाकी सारे झाकलेले ठेवायचे, याला ते 'असण्याची वस्तुस्थिती' खुली करणे म्हणतात. अमेरिका छायाचित्रे घेणारे टेहळणी उपग्रह वापरते, ही वस्तुस्थिती राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये मान्य केली. नॅशनल रेकॉनिसन्स ऑफिस हे कार्यालय १९६१ मध्ये स्थापन झाले आणि ते आहे, हे सप्टेंबर १९९२ मध्ये मान्य झाले. मधली एकतीस वर्षे ते कार्यालय कागदोपत्री नव्हते. १९६० ते १९७२ या काळात 'कोरोना' या गुप्त मोहिमेतील उपग्रहांनी घेतलेली आठ लाख साठ हजारांहून अधिक छायाचित्रे खुली करण्याचा आदेश फेब्रुवारी १९९५ मध्ये निघाला. आणि २००८ मध्ये ही पाच ठिकाणे. प्रत्येक पायरीवर एक वाक्य सुटत गेले.

यांतील कोरोनाची छायाचित्रे पुढे पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी फार उपयोगात आणली. इराक-सीरियाच्या मैदानांत हजारो वर्षांपूर्वीच्या वाटांचे वण त्या चित्रांत स्पष्ट दिसतात. नंतरच्या काळात तिथे धरणे झाली, खोल नांगरट झाली, गावे वाढली, आणि जमिनीवरून ते वण पुसले गेले. कोणाच्या तरी क्षेपणास्त्रांचा तळ शोधायला निघालेल्या कॅमेऱ्याने एक हरवलेली वाट जपून ठेवली. हे वाचले तेव्हा आम्हांला आमच्या महाविद्यालयातील भूगोलाच्या खोलीतले लोखंडी कपाट आठवले होते.

आम्ही पदवीच्या पहिल्या वर्षाला भूगोल घेतला होता. खोलीच्या कोपऱ्यात ते कपाट होते, त्याला कुलूप होते, आणि कुलपाची किल्ली सरांच्या जानव्याला असते अशी मुलांत वदंता होती. कपाटात स्थलनिर्देशक नकाशे होते. विद्यार्थी त्यांना 'टोपोशीट' म्हणत. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सर एकेक नकाशा काढून टेबलावर पसरत आणि तास संपला की मोजून आत ठेवत. हे राष्ट्राच्या संरक्षणाचे कागद आहेत, असे ते गंभीरपणे सांगत.

वस्तुस्थिती अशी होती की परभणीच्या नकाशावर फारसे निर्बंधच नव्हते. किनारपट्टीपासून आणि देशाच्या सीमांपासून साधारण ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले नकाशे 'निर्बंधित' असत. म्हणजे मुंबईच्या मुलाला आपल्या गल्लीचा नकाशा मिळणे अवघड, आणि आम्हांला सोपे. समुद्रापासून दूर असण्याचा परभणीला झालेला हा बहुधा एकमेव लाभ. पण निर्बंध नसतानाही सर कुलूप लावीत, आणि ते आम्हांला योग्यच वाटे. ज्या देशात १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे, तिथे कपाटाला कुलूप लावण्यासाठी कोणी वेगळा हुकूम द्यावा लागत नाही.

त्या कपाटातला ५६ ए/१५ क्रमांकाचा नकाशा आमचा. १९ अंश १५ मिनिटे ते १९ अंश ३० मिनिटे उत्तर अक्षांश, ७६ अंश ४५ मिनिटे ते ७७ अंश पूर्व रेखांश. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. त्यात परभणी शहर येते आणि दुधनाकाठचे आमचे गावही येते. समोच्चरेषा तपकिरी, पाणी निळे, वस्ती लाल, पिकाखालची जमीन पिवळी. आपले गाव असे वरून, कागदावर, तांबड्या ठिपक्यांच्या पुंजक्यासारखे पाहताना जो शहारा आला तो अजून स्मरणात आहे. आम्ही बोटाने वाट काढत गेलो. नदीचा उतार सापडला, मारुतीचे देऊळ सापडले, आमची विहीर सापडली. आणि गावाच्या पूर्वेला, जिथे आमच्या शेताचा बांध सुरू होतो तिथे, एक चिन्ह होते. खाली दिलेल्या सांकेतिक खुणांच्या यादीत पाहिले. ते मशिदीचे चिन्ह होते.

आमच्या गावात मशीद नव्हती. एकही मुसलमान घर नव्हते. त्या जागी लिंबाचे मोठे झाड होते आणि झाडाखाली दगडी पार होता. त्या पारावर आम्ही लहानपणी सूरपारंब्या खेळलो, दुपारी जेवणाच्या भाकरी सोडल्या. सर म्हणाले, "सर्वेक्षण करणाऱ्याची चूक असेल." पुढच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा आजीला विचारले, "आजी, लिंबापाशी आधी काय होतं?"

आजी तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "काय नाही रे बाबा तिथं. लिंब आहे. दिसत नाही का तुला?"

"मशीद होती का?"

"तुला कोणी सांगितलं?"

नकाशात आहे, असे आम्ही सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गेले ते लोक. तू जेवून घे." त्यानंतर त्या विषयावर ती कधी बोलली नाही. अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, विचारण्याचा धीर झाला नाही.

'चूक असेल' हे सरांचे उत्तर त्या दिवशीच खोटे पडले होते. चूक असती तर 'तुला कोणी सांगितलं?' असा उलट प्रश्न आला नसता. आजीचे ते वाक्य आज आम्हांला फार मोठे वाटते. होती किंवा नव्हती यांपैकी काहीच त्यात नाही. हे वाक्य तुझ्यापर्यंत कोणत्या वाटेने आले, एवढीच विचारणा आहे. गोपनीयतेचा सारा व्यवहार या एका प्रश्नात सामावलेला आहे. हेरखाते असो की आजी, त्यांना चिंता असते ती वाटेची.

आणखी एक गोष्ट पुष्कळ वर्षांनी ध्यानात आली. सर्वेक्षण खात्याचा माणूस परका असतो. पडकी भिंत पाहून ती कशाची हे त्याला कळणार नाही. त्याने गावातल्या कोणाला तरी विचारले असणार, आणि त्या कोणीतरी उत्तर दिले असणार. आपल्या मुलांना आणि नातवंडांना जे सांगायचे नाही, ते गावाने एका अनोळखी सरकारी माणसाला सांगून टाकले आणि त्याने ते प्रामाणिकपणे टिपून घेतले. भिंत पुढे पडली असेल, पण चिन्ह नकाशावर राहिले. तो नकाशा कुलपात बंद झाला, आणि कुलूप लावणाऱ्यालाही आत काय आहे हे ठाऊक नव्हते.

परभणी जिल्हा तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात होता. दर वर्षी १७ सप्टेंबरला आम्ही मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, आणि तो साजरा करण्यासारखाच आहे. रझाकारांनी आमच्या वाड्यावर धाड घातली, धान्याचे पेव उपसून नेले, आजोबा रातोरात नदी ओलांडून वऱ्हाडात गेले आणि आठ महिन्यांनी परतले. ही कथा आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली की आम्ही ती झोपेतही सांगू शकू. तिच्यातला एकही तपशील गुप्त नव्हता. आजोबांच्या धोतराला कोणत्या काटेरी झुडपाने भोक पडले हेही आम्हांला ठाऊक होते. कथा संपायची ती आजोबा परतले या वाक्याने. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, आजोबा परतले, सर्व काही ठीक झाले. परतल्यावर पुढच्या काही आठवड्यांत काय झाले, हा भाग त्या कथेत नव्हता.

तो भाग एका सरकारी कागदात होता. १९४८ च्या अखेरीस केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक मंडळ हैदराबाद संस्थानात पाठवले. मंडळाने सोळांपैकी नऊ जिल्हे पाहिले, आणि जिथे जाता आले नाही अशा १०९ गावांतील पाचशेहून अधिक माणसांना विचारले. रझाकारांनी आधी हिंदूंवर केलेले अत्याचार अहवालात नोंदले आहेत. पोलीस कारवाईदरम्यान आणि तिच्यानंतर २७ ते ४० हजार मुसलमान मारले गेले असावेत, असा त्याचा अंदाज आहे. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद तो करतो. आकड्यांविषयी अभ्यासकांत वाद आहेत. पण सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. त्यातले उतारे अधूनमधून छापले गेले, आणि दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो वाचायला मिळतो अशी बातमी झाली ती २०१३ मध्ये. मधे पासष्ट वर्षे गेली होती.

त्या अहवालात आमच्या गावाविषयी काही आहे, असे आम्ही म्हणत नाही. आमच्या गावात कोणी मारले गेले की सर्व जण रातोरात निघून गेले, हेही आम्हांला सांगता येणार नाही. ज्यांना सांगता आले असते ते सर्व आता गेले आहेत. २०१३ मध्ये ती बातमी वाचताना आमच्या मनात आले ते इतकेच, की या कागदाने मराठवाड्यातल्या कोणत्या म्हाताऱ्याला नवीन काही सांगितले असते? त्याला सर्व ठाऊक होते. अॅलिस स्प्रिंग्जच्या माणसाला घुमट ठाऊक होते, तसेच. कुलूप कागदाला होते, आणि वाक्य मात्र प्रत्येक घराने आपापल्या घरात दाबून ठेवले होते. त्यासाठी कोणत्याही सरकारने हुकूम काढला नव्हता.

येथे आम्हांला आमच्याविषयी बोलणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात आम्ही गावाविषयी एक ललित लेख लिहिला होता. तो बरा जमला होता असे लोक म्हणतात. पुढे तो विद्यार्थ्यांना वाचायला देण्यात येऊ लागला. त्यात लिंबाचा पार आहे. पाराच्या थंडगार दगडांवर दीड पानभर मजकूर आहे. दुपारची सावली आहे, गळणाऱ्या लिंबोळ्या आहेत, 'कोण्या काळच्या अनाम हातांनी घडवलेले चिरे' आहेत. हे शब्द आमचेच, म्हणून अवतरण देण्यास हरकत नाही. 'अनाम' हा शब्द लिहिताना आमचा हात थबकला नाही. तो लिहिताना ५६ ए/१५ आम्हांला ठाऊक होता, आजीचा प्रश्न ठाऊक होता. ठाऊक असलेल्या गोष्टीवर एक देखणा शब्द ठेवून आम्ही ती झाकली. पांढराशुभ्र घुमट सर्वांना दिसावा आणि आत कोणत्या दिशेला तोंड आहे हे कळू नये, अशी ती सोय होती. ललित गद्यात अशा सोयी फार. 'कुठेतरी', 'कधीतरी', 'कोण्या काळी', 'अनाम'. आम्ही वर्गात या शब्दांना लेखनातील धूसरतेचे सौंदर्य म्हणत आलो.

आता तो विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात तो भेटला. लेख वाचून आला होता, आणि आमच्या गावाशेजारच्याच गावचा होता. नकाशांच्या बाबतीत आता काळ बदलला आहे. मे २००५ मध्ये राष्ट्रीय नकाशा धोरण आले आणि संरक्षणासाठी एक व जनतेसाठी एक अशा दोन नकाशामाला झाल्या. त्याच वर्षी गूगल अर्थ आले, आणि त्यातून संवेदनशील ठिकाणे दिसतात याविषयी राष्ट्रपती कलाम यांनी जाहीरपणे काळजी व्यक्त केली. २०१७ मध्ये जनतेसाठीचे नकाशे संकेतस्थळावर विनामूल्य मिळू लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे तयार करण्यासाठी घ्याव्या लागणाऱ्या पूर्वपरवानग्याही भारतीयांपुरत्या बहुतांशी काढून टाकण्यात आल्या. सरांचे कपाट आता प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि त्याला कुलूप नाही.

त्या मुलाने भ्रमणध्वनीवर उपग्रहातून दिसणारे आमचे गाव काढले. दोन बोटांनी ताणून लिंबाचे झाड मोठे केले. वरून ते फक्त एक गडद हिरवा गोल दिसत होते. मग म्हणाला, "सर, तुमच्या लेखातला पार हाच ना? पण हा पार पूर्व-पश्चिम असा लांबट कसा? झाडाभोवतीचा पार गोल असतो किंवा चौकोनी. हा कशाचा आहे?"

आम्ही म्हणालो, "लिंबाचा. जुना आहे."

तो "बरं सर" म्हणाला. मुले आमच्यावर विश्वास ठेवतात, हे आमच्या व्यवसायातील सर्वांत मोठे संकट आहे. आजीपाशी निदान तांदळाचे सूप होते, मान खाली घालायला. आम्ही त्याच्या डोळ्यांत पाहून ते वाक्य उच्चारले होते.

त्या रात्री जनतेसाठीचा नवा नकाशा आम्ही उतरवून घेतला. नव्या मालिकेत क्रमांकही बदलले आहेत, ५६ ए/१५ हे नाव तिथे चालत नाही. आमचे गाव सापडले, रस्ता नवा होता, विजेची तार नवी होती. गावाच्या पूर्वेचे ते चिन्ह नव्हते. नकाशा करणाऱ्यांचा यात दोष नाही. जमिनीवर जे नाही ते त्यांनी दाखवले नाही. नकाशा सर्वांसाठी खुला झाला तोवर त्यातले ते एक वाक्य गळून गेले होते. गोपनीयता उठल्याने गोष्ट कळतेच असे नाही. ती कोणीतरी बोलावी लागते, आणि बोलणारा जिवंत असावा लागतो.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना आम्ही वर्षानुवर्षे शिकवले की साहित्य अज्ञाताचा शोध घेते. हे वाक्य आता आम्हांला पुरते पटत नाही. अज्ञाताचा शोध घेणारे दुसरे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापाशी उपग्रह आहेत. साहित्याच्या वाट्याला बहुधा सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट येते. तिला मराठीत उघड गुपित असा नेमका शब्द आहे. ती उच्चारायला अधिकृत परवानगी लागत नाही, तरी आपण कोणाच्या तरी परवानगीची वाट पाहत बसतो : सरकारच्या, घराच्या, किंवा म्हाताऱ्या माणसांच्या मरणाच्या. आजी गेली, अण्णा गेले, आणि त्यानंतर आम्ही हे लिहीत आहोत. याचा अर्थ आम्हांला कळत नाही असे नाही.

त्या विद्यार्थ्याचा पत्ता आमच्यापाशी नाही. तो ही पाने वाचतो असे ऐकले आहे, म्हणून उत्तर येथेच देत आहोत. त्या कार्यालयाने पाच ठिकाणांच्या बाबतीत केले तेवढेच आम्हांलाही करता येईल. असण्याची वस्तुस्थिती तेवढी सांगता येईल, त्यापलीकडचे आमच्यापाशी नाही.

लिंबाच्या झाडाखाली आहे तो पार नाही, ते जोते आहे. तिथे मशीद होती. तिच्यात नमाज पढणारी माणसे आमच्या गावची होती आणि ती १९४८ नंतर गावात राहिली नाहीत. आमच्या गोठ्याच्या पायरीला चार घडीव चिरे आहेत. गावात दुसऱ्या कोणाच्याही गोठ्याला घडीव दगड नाही.